एका गाण्यापुरती ओळख

साल्साच्या शिकवणीचा पहिला तास पावलांच्या हिशेबातच जातो. एक, दोन, तीन आणि चारला थांबा. पाच, सहा, सात आणि आठला थांबा. आठ मात्रांत सहा पावलं. बाहेरून बघणाऱ्याला ही कवायत वाटते, आणि सुरुवातीचे काही दिवस ती असतेही. पण त्याच तासात दर थोड्या वेळानं शिक्षक जोडीदार बदलायला सांगतात, त्याकडे नवख्यांचं फारसं लक्ष जात नाही. माझ्या मते साल्साचं मर्म पावलांपेक्षा या बदलण्यात आहे. हा अनोळखी माणसांसाठी घडलेला नाच आहे. क्लबात शिरायचं, जिचं किंवा ज्याचं नाव ठाऊक नाही त्या व्यक्तीपुढे हात करायचा, चार-पाच मिनिटं नाचायचं, हसून आभार मानायचे आणि पुढच्या गाण्याला दुसरीकडे वळायचं. ही रीत वरून चिकटवलेला शिष्टाचार नाही. नाचाचं तंत्र, तो शिकवण्याची पद्धत, त्याचा इतिहास, सगळं तिच्याच गरजेतून आकाराला आलेलं दिसतं.

इतिहासापासून सुरुवात केली तर न्यूयॉर्कच्या पॅलेडियम बॉलरूमला टाळता येत नाही. ब्रॉडवे आणि त्रेपन्नावा रस्ता यांच्या कोपऱ्यावरचं हे नृत्यगृह 1940 च्या दशकाच्या अखेरीस साल्साचा पूर्वज असलेल्या माम्बो नाचाचं माहेरघर झालं. माचितो, तितो पुएन्ते आणि तितो रॉड्रिगेझ यांचे वाद्यवृंद तिथे वाजत, आणि फरशीवर पुएर्तो रिकोचे, क्यूबाचे, कृष्णवर्णीय, इटालियन, ज्यू असे सगळे एकाच गर्दीत असत. तिथली गाजलेली जोडी म्हणजे ‘क्यूबन पीट’ या नावानं ओळखला जाणारा पेद्रो आगिलार आणि मिली डोने. तो पुएर्तो रिकन, ती इटालियन वंशाची. त्याच काळात अमेरिकेच्या दक्षिणेत बसमध्ये कुणी कुठे बसायचं हेही कातडीच्या रंगावर ठरत होतं. यावर कुणी म्हणेल, यात कसली आली समता? मालकाला तिकिटं खपवायची होती, म्हणून त्यानं लॅटिन वाद्यवृंद आणले. खरंच आहे. हेतू धंद्याचाच होता. पण तिकीट घेऊन आत आलेल्यांना नाचायला जोडीदार हवा होता आणि तो समोरच्या गर्दीतूनच निवडायचा होता. हेतू आणि परिणाम यांची गल्लत करायचं कारण नाही.

याहून जड आक्षेप हवानाकडून येतो. 1950 च्या दशकात तिथल्या क्लबांमध्ये ‘कासिनो’ ही साल्साच्या कुळातली नाचाची शैली घडली, आणि तिच्यातूनच पुढे ‘रुएदा’ आली. जोड्या वर्तुळात नाचतात, एक जण आरोळी देतो आणि क्षणात सगळे जोडीदार बदलतात. अनोळख्यांच्या नाचाचं याहून नेटकं रूप सापडणार नाही. पण हे क्लब सभासदांचे होते आणि त्यांतले मातब्बर क्लब गोऱ्यांसाठी राखलेले. खुद्द हुकूमशहा बातिस्तालाही मिश्रवर्णीय म्हणून हवाना यॉट क्लबनं सभासदत्व नाकारल्याचं सांगतात. आत जोडीदार बदलत होते, दारावरचा पहारा बदलत नव्हता. आणि ज्या सोन संगीतावर हे लोक नाचत, त्याची मुळं मात्र बऱ्याच अंशी दाराबाहेर ठेवलेल्यांच्या वस्त्यांत होती. 1959 च्या क्रांतीनंतर हे खासगी क्लब सरकारजमा झाले. रुएदा टिकली, ती पुढे रस्त्यांवर आणि घरगुती समारंभांत. म्हणून क्लबाची भलामण सरसकट करता येत नाही. दार किती उघडं आहे, हे आधी विचारावं लागतं.

आता तंत्राकडे. अनोळखी व्यक्तीबरोबर पूर्वतयारीशिवाय नाचायचं तर निरोप पोचवायला हात आणि खांदे एवढंच उरतं. लीड करणारा हाताच्या हलक्या दाबानं वाट मोकळी करतो, फॉलो करणारी त्या वाटेनं जाते, आणि किती रमतगमत जायचं हे तीच ठरवते. हात सैल सोडला तर निरोप पोचत नाही, ताठ धरला तर तो हुकूम होतो. इथे हमखास विचारलं जातं, की पुरुषानं चालवायचं आणि बाईनं चालायचं, यात नवं काय? प्रश्न रास्त आहे. भूमिका अशा वाटून देण्यामागे जुनी सामाजिक सवय आहेच. पण फॉलो करणं म्हणजे मुकाट ऐकणं, ही समजूत न नाचणाऱ्यांची. समोरून आलेली सूचना मात्रेच्या अंशात ओळखून तिला आपला ताल देणं हे लीड करण्याइतकंच, कधी त्याहूनही अवघड काम आहे. शिवाय दोन्ही भूमिका शिकणारे स्त्री-पुरुष आता अनेक ठिकाणी दिसतात, आणि त्यानं नाचाचं काही बिघडलेलं नाही.

शिकवणीवर मुरलेल्या लोकांचा राग असतो. आकडे मोजून कुठे नाच येतो का, असं ते म्हणतात. या संगीताचा कणा असलेल्या ‘क्लावे’ या लयीचे पाच ठोके दोन मापांवर पसरलेले असतात, एकात तीन, दुसऱ्यात दोन. आपल्या तालातल्या खालीसारखं, न वाजलेल्या जागेचंही भान तिथे ठेवावं लागतं, आणि ते आकड्यांनी येत नाही हे खरंच. कोलंबियातल्या काली शहरात तर बऱ्याच तरुणांचे गुरू तबकड्याच होते. तेहतीसच्या वेगाच्या तबकड्या पंचेचाळीसवर लावून ते नाचले आणि तिथल्या शैलीला तिची ती प्रसिद्ध झपाट्याची पावलं मिळाली. पण कालीतल्या लोकांना एकमेकांची सवय होती. नृत्यशिक्षक एडी टोरेस यांनी न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्या मात्रेवर वळणारी पावलं मोजून, नावं देऊन शिकवली, तेव्हा तो नाच टोकियोच्या माणसाला पुण्याच्या माणसाबरोबर नाचता येईल असा झाला. मोजणी ही परक्यांमधली सामाईक भाषा आहे. माझी तक्रार आहे ती पाठ केलेल्या, उचलाउचलीच्या रंगमंची रचनांबद्दल. त्यांत कौशल्य अफाट असतं, पण त्यांना समोरच्या माणसाची गरज नसते, फक्त ठरलेल्या जोडीदाराची असते.

उरतो स्पर्शाचा प्रश्न, आणि आपल्याकडे तो आधी येतो. परक्याचा हात पाठीवर, ही कल्पनाच अनेक घरांत गळ्याखाली उतरत नाही. यावर ‘नाच म्हणजे फक्त कला’ असं उत्तर देणं मला अप्रामाणिक वाटतं. स्पर्श हा स्पर्शच असतो आणि त्याचा गैरफायदा घेणारे क्लबातही येतात. म्हणूनच ‘नको’ म्हणताना कारण द्यावं लागू नये, गाणं मध्येच सोडता यावं आणि आयोजकानं अशा माणसाला दाराबाहेर काढावं, हे नियम पावलांइतक्याच गांभीर्यानं पहिल्याच तासाला शिकवायला हवेत. पुण्या-मुंबईतल्या एखाद्या ‘सोशल’ला, म्हणजे सगळ्यांसाठीच्या नाचाच्या मेळाव्याला, जाताना मी तिथल्या वाद्यवृंदाची किंवा फरशीची चौकशी नंतर करीन. तिथले मुरलेले नाचणारे भिंतीशी उभ्या नवख्यांना नाचायला बोलावतात का, आणि नकार मिळाला तर हसून पुढे जातात का, हे आधी विचारीन.