हात वर गेलाच!

मी सातवीत होतो तेव्हाची गोष्ट. गॅदरिंगसाठी आमच्या वर्गाने धारासण्याच्या मिठाच्या सत्याग्रहावर नाटक बसवलं होतं. मी सत्याग्रही आणि माझा जिगरी दोस्त पोलीस. त्याच्या हातात पुठ्ठ्याची लाठी!

बाईंनी आधी प्रसंग समजावला. इंग्रजांनी मिठावर कर बसवला होता. स्वतः मीठ बनवणं हा गुन्हा! २१ मे १९३० रोजी गांधीजी तुरुंगात होते. सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच हजार सत्याग्रही गुजरातेतल्या धारासण्याच्या मिठागराकडे निघाले. लोखंडी टोकांच्या लाठ्या डोक्यावर बसत, एक रांग कोसळे, की दुसरी पुढे येई. वार अडवायलाही कुणी हात उचलला नाही. अमेरिकन पत्रकार वेब मिलर यांनी हे डोळ्यांनी पाहून जगाला कळवलं.

"त्यात काय अवघड?" मी म्हणालो. तालमीत लाठी आली आणि माझा हात आपोआप डोक्यावर! बाई म्हणाल्या, "पुन्हा." पुन्हा तेच. शेवटी चिडून मी लाठीच हिसकावली. सगळे हसले. मला मात्र रडू आलं. पुठ्ठ्यापुढे माझा हात आवरेना. त्यांनी तो कसा आवरला असेल?

गॅदरिंगला माझा हात खालीच राहिला. दोस्ताची लाठी मात्र अर्ध्यावर थांबली. नंतर म्हणाला, "तू नुसता बघत राहिलास. मारवेना रे!"

धारासण्यात लाठ्या थांबल्या नव्हत्या. तरी माणसं पुढे जात राहिली. न मारणं म्हणजे भित्रेपणा नव्हे, हे मला त्या पुठ्ठ्याच्या लाठीने शिकवलं.