जाणाऱ्या मुलींची आशा

फिलिपिन्समध्ये नर्सिंगला जाणारी मुलगी सहसा एकटीच्या बळावर शिकत नाही. तिच्या फीसाठी कुणी जमीन गहाण टाकतं, कुणी परदेशातली मावशी दर महिन्याला पैसे पाठवते. त्यामुळे पदवी हातात येते तेव्हा तिच्यावर साऱ्या घराची आशा असते.

ही परदेशाची वाट आपोआप पडली नाही. अमेरिकी राजवटीत फिलिपिन्समध्ये इंग्रजीतून, अमेरिकी पद्धतीचं नर्सिंग शिक्षण सुरू झालं. १९४८ नंतर तिथल्या परिचारिका प्रशिक्षणासाठी अमेरिकेत जाऊ लागल्या, १९६५च्या अमेरिकी कायद्याने तिथे कायम स्थायिक होण्याचं दार उघडलं आणि १९७४ साली राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या सरकारने माणसं परदेशी कामाला पाठवणं हेच धोरण केलं. या शतकाच्या सुरुवातीला तर परदेशी जाता यावं म्हणून डॉक्टरही पुन्हा नर्सिंग शिकायला बसले.

गेलेली मुलगी घरी ‘बालिकबायन बॉक्स’ पाठवते. साबण, टॉवेल, चॉकलेट, डबाबंद मांस, मुलाचे बूट. बूट एक माप मोठेच घ्यावे लागतात; खोका जहाजाने जातो, पोचेपर्यंत पाय वाढलेला असतो. परक्या आजीला वेळेवर औषध देणाऱ्या या आईला स्वतःच्या मुलाचं माप अंदाजाने ठरवावं लागतं, हे मला फार लागतं.

१९८८मध्ये राष्ट्राध्यक्षा कोराझोन अक्विनो यांनी परदेशी राबणाऱ्यांना ‘नवे वीर’ म्हटलं. गौरव खराच होता. पण सरकारी परिचारिकांना २००२च्या कायद्याने देऊ केलेली वेतनश्रेणी मिळण्यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि ती लागू व्हायला २०२० उजाडलं. त्याच वर्षी, महासाथीत, सरकारने त्यांच्या परदेशी जाण्यावर काही काळ बंदी घातली. डिसेंबरमध्ये इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीत, चाचण्यांबाहेरची फायझरची पहिली लस टोचली ती मूळच्या फिलिपिन्सच्या मे पार्सन्स यांनी.

जाणाऱ्या मुलीला कुणी स्वार्थी म्हटलं की मला राग येतो. घर सावरायला निघालेल्या माणसाला देशप्रेमाचे धडे देऊ नयेत. तिला अडवून गावातल्या दवाखान्यांचे प्रश्न सुटणार नाहीत. तिथे पुरेशी भरती आणि पोट भरेल असा पगार हवा. तिला जायचं असेल तर खुशाल जावं, राहायचं असेल तर सन्मानाने राहता यावं. हा निर्णय तिचा असायला हवा. आज तो बहुतेकदा तिच्या पगाराची चिठ्ठी घेते.