आपण आणि आम्ही

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ऐकणाऱ्याला आपल्यात सामावून घेणारे ते 'आपण' आणि त्याला बाहेर ठेवणारे ते 'आम्ही'. 'आपण जाऊ' म्हटले की समोरच्याने पायांत चपला सरकवायच्या. 'आम्ही जातो' म्हटले की त्याने दारापर्यंत येऊन निरोप द्यायचा. प्रमाण हिंदीतला 'हम' हा भेद करीत नाही. बालाघाटकडच्या बोलचालीच्या हिंदीत मात्र 'अपन' आहे, आणि आमच्या शाळेतला सारा व्यवहार त्या 'अपन'वरच चालत असे. वैनगंगेवर पोहायला जाणारे अपन, गणिताच्या तासाला उभे राहणारे अपन, मार खाणारेही अपनच. ज्यांच्या घरी मराठी होती तेही अपन, ज्यांच्या घरी पोवारी, गोंडी किंवा हिंदी होती तेही अपन.

शाळासोबत्यांची आयुष्ये पुढे निरनिराळ्या दिशांना जातात, यात नवल ते काय? बुद्धी, कष्ट आणि नशीब या तीन शब्दांत त्याची कारणमीमांसा एरवी उरकली जाते. परंतु आमच्या वर्गाचा चाळीस वर्षांचा ताळेबंद मांडू लागलो, तेव्हा या तिन्हींच्या आधी काही निराळ्याच गोष्टी पुढे आल्या. आगगाडी कोणत्या दिशेला जाते, दाखल्यावर कोणत्या राज्याचे नाव आहे आणि कोणाचा मामा कोणत्या स्टेशनावर उतरवून घ्यायला येतो, या प्रश्नांनी आमच्यापैकी बहुतेकांचे आयुष्य अठराव्या वर्षाच्या आतच आखून टाकले होते.

यासाठी थोडे मागे जायला हवे. भंडारा, मंडला आणि सिवनी या तीन जिल्ह्यांचे काही काही भाग घेऊन १८६७ साली बालाघाट जिल्हा करण्यात आला. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे या जिल्ह्याचे तोंड नागपूरकडे होते. राजधानी नागपूर, १९२३पासून विद्यापीठ नागपूरचे, मोठे दुखणे निघाले तर इस्पितळही नागपूरचेच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर आणि भंडारा मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले आणि राजधानी भोपाळला गेली. नकाशावर एक रेघ ओढली गेली; परंतु रोटी-बेटीचे व्यवहार त्या रेघेने तुटले नाहीत. आत्या गोंदियाला, मावशी तुमसरला, शेत वारासिवनीला, असा आमच्या घरांचा पसारा तसाच राहिला. आम्ही जन्मलो ते या रेघेच्या उत्तरेला, तिच्याविषयी काहीही न कळता. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि मैदानावर दोहोंची खिचडी, हेच आम्हांला जगाचे स्वाभाविक रूप वाटत होते.

१९८२ साली आम्ही बेचाळीस जण हायर सेकंडरी उत्तीर्ण झालो. तेव्हा मध्य प्रदेशात अकरावीलाच शाळा संपत असे. महाराष्ट्रात दहावी-बारावीचा आकृतिबंध तोवर रुजला होता. रेघेची पहिली ओळख झाली ती अशी, एका वर्षाच्या फरकाने. नागपूरला जाणाऱ्याला तिथल्या खिडकीवर आपली अकरावी म्हणजे नेमके काय, हे समजावून सांगावे लागे. सांगणाऱ्याचे मराठी हिंदी वळणाचे, ऐकणाऱ्याला घाई. कित्येकांनी त्या खिडकीवरूनच परतीची गाडी धरली.

बालाघाट स्टेशनावरून तेव्हा छोटी लाइन जात होती. दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर गोंदिया. तिथे मोठ्या लाइनची गाडी पकडली की नागपूर. उत्तरेला नैनपूरमार्गे जबलपूर. तो प्रवास एवढा संथ, की वाटेत एखादी कादंबरी वाचून व्हावी. ज्याचे नातेवाईक दक्षिणेला होते तो नागपूरला गेला; ज्याचे कोणी नव्हते, पण गुण होते, तो जबलपूरच्या अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या आशेने उत्तरेला गेला. आम्ही सहा जण दक्षिणेच्या गाडीत बसलो. या लेखातले 'आम्ही' म्हणजे मुख्यत्वे हे सहा जण, हे वाचकांच्या ध्यानी आले असेलच.

आमच्याबरोबर सातवाही येणार होता. त्याचा थोरला भाऊ नागपुरात कामाला होता, राहण्याजेवण्याची सोय होती, गुण आमच्यापैकी कोणाहूनही अधिक होते. घर अनुसूचित जातीचे. पण जातीचा दाखला मध्य प्रदेशाचा. तो महाराष्ट्रात चालणार नाही, असे त्याला एका कचेरीत सांगण्यात आले. भावाच्या घरापासून तीन फर्लांगांवरचे महाविद्यालय सोडून तो जबलपूरला वसतिगृहात राहिला, तिथेच शिकला, तिथेच नोकरीला लागला. पुढे १९९० साली, आंध्र प्रदेशातून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या मुंबईतील वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानेही निकाल दिला, की एका राज्यातील अनुसूचित जाती-जमातीचे लाभ दुसऱ्या राज्यात गेल्यावर आपोआप सोबत येत नाहीत. कायद्याचे म्हणणे असे, की मागासलेपण हे त्या त्या प्रदेशाच्या परिस्थितीशी निगडित असते. यात तर्क आहे. परंतु आमच्या मित्राची परिस्थिती गोंदियाला गाडी बदलताना बदलली नव्हती, एवढे आम्ही डोळ्यांनी पाहिलेले होते.

काही जण गाडीतच बसले नाहीत. गावाजवळच्या भरवेली येथे मँगनीजची खाण आहे. ज्यांचे वडील त्या खाणीत होते, त्यांतले दोघे तिथेच लागले. या खाणीची गंमत अशी, की खनिज निघते मध्य प्रदेशात आणि कंपनीचे मुख्यालय आहे नागपुरात. आमचे हे दोन सोबती रोज जमिनीच्या पोटात उतरत आणि त्यांच्या बढतीचे कागद आमच्या शहरातून निघत. बैहर तहसिलातील मलाजखंडचा तांब्याचा प्रकल्प आम्ही शाळा सोडली त्याच वर्षी, १९८२ साली, राष्ट्राला अर्पण झाला. आयटीआय केलेल्या तिघांना तिथे काम मिळाले. अठरापगड प्रांतांतून आलेल्या माणसांच्या त्या वसाहतीत त्यांची मुले वाढली. त्या मुलांना मराठी समजते, बोलता येत नाही. आमच्या नागपूरच्या मुलांचे नेमके उलटे: त्यांना हिंदी बोलता येते, पण 'अपन' म्हणताना ती चेष्टेने म्हणतात.

वर्गात मुली नऊ होत्या. त्यांच्या बाबतीत दिशा ठरवली ती लग्नाने, आणि लग्न ठरले ते बहुतेक रेघेच्या दक्षिणेला. गणितात सातत्याने पहिली येणारी आमची सोबतीण तुमसरला भातगिरणीवाल्यांच्या घरी पडली. सासरी सारे मराठी वर्तमानपत्र वाचणारे. हिची सगळी विद्या हिंदीतून. 'वर्गमूळ' हा शब्द दोन्हीकडे एकच, म्हणून तेवढाच आधार वाटला, असे ती एकदा हसत म्हणाली होती. गिरणीचा जमाखर्च तीस वर्षे तिने सांभाळला. फलकावर नाव सासऱ्यांचे, मग नवऱ्याचे, आता मुलाचे आहे. हुशारीचे पुढे काय होते, असा प्रश्न जेव्हा जेव्हा निघतो, तेव्हा आम्हांला त्या गिरणीच्या खतावण्या आठवतात. एका पैचीही चूक नसलेल्या आणि कोणत्याही परीक्षेला न गेलेल्या.

आयुष्ये अशी फाकत गेली, तरी काही काळ बातम्या एकच होत्या. मग त्याही वेगळ्या झाल्या. लांजीकडच्या एका गावात शिक्षक झालेला आमचा सोबती सुटीत भेटला, की शाळेच्या पटाविषयी बोले, पण संध्याकाळनंतरच्या रस्त्यांविषयी मुळीच बोलत नसे. डिसेंबर १९९९मध्ये राज्याचे परिवहनमंत्री लिखीराम कावरे यांची बालाघाट जिल्ह्यातील त्यांच्या गावी नक्षलवाद्यांनी हत्या केली. आम्ही नागपुरात ती बातमी वाचली, हळहळलो आणि कामाला गेलो. तो मात्र दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने सायकलवरून शाळेत गेला. पुढे कधी तरी त्याला विचारले, भीती वाटली नाही का? तो म्हणाला, "तुम्हा लोकांना वाटली का?" प्रश्नात टोमणा नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते. पण 'तुम्हा लोकांना' हे शब्द आम्ही त्याच्या तोंडून तेव्हा प्रथमच ऐकले.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला, त्याच्याकडे येतो. आमच्या वर्गातला एक जण कुठेच गेला नाही. अकरावीच्या परीक्षेआधी दोन महिने त्याचे वडील वारले. वह्या-पुस्तकांचे दुकान त्याच्या अंगावर आले. पुढे चाळीस वर्षे दर जुलैत नवी पिढी त्याच्या गल्ल्यासमोर उभी राहिली आणि काही वर्षांनी गाव सोडून गेली. तो मात्र जागचा हलला नाही. आमच्या सहा जणांच्या घरी म्हातारी माणसे मागे उरली, तेव्हा त्यांचे गॅसचे नंबर, बँकेचे पासबुक, दाताची कवळी, गोंदियाच्या डॉक्टरची वेळ हे सारे हळूहळू त्याच्याकडे गेले. कोणी त्याला नेमले नव्हते. दुकान बाजारात, जाता-येता सगळ्यांना दिसणारे; आमच्या आया तिथे पिशवी टेकवून बसत, एवढेच त्याचे निमित्त.

मार्च २०२१मध्ये करोनाची दुसरी लाट आली आणि मध्य प्रदेश शासनाने महाराष्ट्राशी होणारी बसवाहतूक थांबवली. १९५६ची ती रेघ एरवी आम्हांला फक्त कागदांवर भेटत असे. त्या उन्हाळ्यात ती रस्त्यावर आली. एप्रिलमध्ये आमच्यापैकी एकाचे वडील बालाघाटच्या घरी गेले. मुलगा नागपुरात स्वतः तापाने अंथरुणावर. वैनगंगेच्या काठी अग्नी दिला तो दुकानदार मित्राने. शाळेत हजेरीपटावर त्या दोघांची नावे लागोपाठ येत, एवढाच त्यांचा आप्तसंबंध. तेरा दिवस त्याने सुतक पाळले आणि चौदाव्या दिवशी दुकानाची फळी उघडली. त्या दोन वर्षांत, आणि त्याआधीही, आमच्या सहांपैकी चौघांच्या आईवडिलांना त्याने खांदा दिलेला आहे.

२०२२च्या हिवाळ्यात शाळा सोडल्याला चाळीस वर्षे झाली म्हणून आम्ही बालाघाटला जमलो. बेचाळीसांपैकी सात जण हयात नव्हते, आले एकोणीस. जबलपूरचा आला, तुमसरची आली, मलाजखंडचे तिघे एका जीपमधून आले. छोटी लाइन २०१५ साली बंद झाली होती. आता जबलपूरपर्यंत मोठी लाइन झाली आहे आणि गोंदियाला उतरून गाडी बदलण्याचे ते जुने सायास कोणाला सांगूनही पटत नाहीत. जेवायला चिन्नोर तांदळाचा भात होता. या तांदळाला २०२१मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे दुकानदार मित्राने अभिमानाने सांगितले. बोलता बोलता आम्हांपैकी कोणी तरी म्हणाले, "आम्ही पुढच्या वर्षीही येऊ." त्यावर तो वाढता वाढता सहज म्हणाला, "या की. अपन इथेच आहोत." एकट्या माणसाने स्वतःसाठी वापरलेले ते अनेकवचन ऐकून क्षणभर सगळेच थांबले.

तेव्हापासून मनात घोळते आहे ते हे. बुद्धी, कष्ट, नशीब, दाखले, गाड्या यांनी आम्हांला दूर नेले, हे खरे. परंतु दूर जाऊनही आमचा एक वर्ग आहे, एक गाव आहे, असे जे आम्ही आजवर म्हणू शकलो, ते काही आमच्या आठवणींच्या बळावर नव्हे. एक माणूस जागेवर राहिला आणि रोज काम करीत राहिला, म्हणून ते शक्य झाले. स्नेहाची भाषा जाणाऱ्यांना फार चांगली येते. स्नेहाचा जमाखर्च राहणाऱ्याच्या वहीत असतो.

गेल्या वर्षी त्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नागपुरात झाली. अकरा दिवस आम्ही पाळी लावून त्याच्यापाशी बसलो. तुमसरची सोबतीण डबा घेऊन आली आणि इस्पितळाचे बिल तिने दोनदा तपासले. त्याचा मुलगा बंगळुरूला असतो. आता दुकान विकून आईवडिलांनी आपल्याकडे यावे, असा त्याचा आग्रह आहे आणि तो रास्तही आहे. सून समजूतदार आहे, तळमजल्यावरची खोली तयार आहे, जिने चढावे लागणार नाहीत. मित्राने अद्याप होकार दिलेला नाही, नकारही दिलेला नाही. तो गेला तर बालाघाटच्या स्टेशनावर उतरून आम्ही जायचे कोणाकडे, हे आम्हां सहांपैकी प्रत्येकाच्या मनात येऊन गेले आहे. पण 'राहा' असे त्याला कोणी म्हटलेले नाही. चाळीस वर्षे जो इतरांना गाडीत बसवून देत आला, त्याची स्वतःची गाडी आली असताना त्याला हात धरून थांबवण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. त्याने निर्णय कळवला, की सामान बांधायला जायचे, एवढे मात्र सर्वानुमते ठरले आहे.