बदक आणि चकलीचा डबा
घरी जुळवलेला माझा ट्रान्सीव्हर ७ मेगाहर्ट्झवर लावला, की दहा मिनिटांत अर्धा किलोहर्ट्झ खाली घसरे. पलीकडचे गृहस्थ विचारत, ‘‘ओल्ड मॅन, घरात बदक पाळलंत का?’’ दोष उष्णतेचा. कॉइल तापली की फुगते, इंडक्टन्स वाढतो, फ्रिक्वेन्सी उतरते. मग साधे सिरॅमिक कपॅसिटर काढून एनपीझीरो घातले, ऑसिलेटरला ८ व्होल्टचा वेगळा रेग्युलेटर दिला अन् सारा संसार पत्र्याच्या डब्यात कोंडला. डबा हिचा, चकलीचा. त्यावरून जे झालं ते हवेवर सांगण्यासारखं नाही.

आता तासाभरात ५० हर्ट्झसुद्धा हलत नाही. फक्त पंख्याचा वारा लागता कामा नये. मे महिना आहे. ही माहेरी गेलीय. जाताना म्हणाली, ‘‘पाऊस पडला की कळवा.’’