धूळ आणि ओरखडा

निवृत्तीनंतर माळा आवरताना वडिलांच्या ध्वनिमुद्रिकांची पेटी हाती लागली. रात्री दुकानाची वही मिटली, की वडील रेकॉर्ड प्लेअरपाशी बसत. तो मी दुरुस्त करून घेतला. पण तबकडी लावताच सुरांआधी खरखरच कानी पडली. माझी ८७ वर्षांची आई म्हणाली, "पत्र्यावर पाऊस पडतोय की काय रे?"

पहिल्या उत्साहात माझ्या हातून अक्षम्य चूक घडली. हिराबाई बडोदेकरांची ७८ फेऱ्यांची तबकडी मी स्पिरिटने पुसली. फडके काळे झाले आणि तबकडीची चकाकी गेली. त्या जुन्या तबकड्या लाखेच्या असत आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार त्याच मिश्रणाने लाकडाला पॉलिश करतात, हे ठाऊक असूनही वेळेवर आठवले नाही. ती आईची आवडती तबकडी होती. मी सांगितले तेव्हा ती काहीच बोलली नाही आणि तेच मला अधिक लागले.

मग मी घाई सोडली. १९४८ मध्ये अमेरिकेत प्रथम आलेली एलपी व्हिनाइल या प्लास्टिकची असते. कोरड्या फडक्याने घासली, तर तिच्यावर स्थिर विद्युत निर्माण होते आणि ती उलट धूळच ओढून घेते. म्हणून आधी मऊ ब्रशने सैल धूळ काढावी. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या सौम्य साबणाचे एक-दोन थेंब टाकून त्यात मऊ कापड भिजवावे व पिळून खाचांच्या दिशेने गोल फिरवावे. आडवे कधीही पुसू नये. मधला कागद कोरडा राखावा. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने साबण काढून टाकावा. नळाचे पाणी टाळावे, कारण त्यातील क्षार खाचांत वाळून बसतात. तबकडी पूर्ण वाळल्यावर स्वच्छ आवरणात घालून उभी ठेवावी. सुईवरची धूळही हलक्या ब्रशने, मागून पुढे, काढावी.

बँकेत थकीत कर्जे तपासताना वसूल होणारी कोणती आणि बुडीत कोणती, हे आम्ही आधी वेगळे करत असू. येथेही तेच करावे लागते. वेळीअवेळी येणारी चटचट बहुधा धुळीची असते, ती जाते. मात्र मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या तबकडीवर दर १.८ सेकंदांनी नेमाने येणारा 'टक्' हा ओरखड्याचा असतो. तो कितीही पुसला तरी जात नाही.

पंडित भीमसेन जोशी यांच्या अभंगांची एलपी स्वच्छ करून लावली, तेव्हा पाऊस थांबला होता. आवाज जणू समोरून येत होता. दुसऱ्या अभंगात मात्र टक्, टक् सुरू झाले. "हे काही जाणार नाही," मी ओशाळून म्हणालो.

आई हसली. "कसे जाईल? तू कॉलेजात असताना तुझ्याच धक्क्याने सुई घसरली होती. तू तर झोपायला निघून गेलास. त्यांना मी सांगितले, माझ्या हातून झाले म्हणून."

पन्नास वर्षांत हे मला कळले नव्हते. वडिलांनी तिला काय म्हटले असेल, ते विचारण्याचा धीर झाला नाही. बाजू संपली. आई म्हणाली, "उलटी कर, दुसरी बाजू ऐकू या."