साबणाचं गणित

शाळेचा गणवेश मळला की तुम्ही काय करता? बादलीत टाकता आणि खेळायला पळता, हो ना? मीही तेच करत असे. पण एकदा माझ्या हातून एक चूक झाली, आणि तो गणवेश कोण धुतं याकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं.

कल्याणहून कसाऱ्याच्या लोकलनं निघालं की टिटवाळ्यानंतर खडवली लागतं. तिथं भातसा नदीजवळ आमचं अकरा माणसांचं घर होतं. ही १९८० च्या सुमाराची गोष्ट. कमावणारे एकटे बाबा. महिनाअखेरीला वाण्याची वही उघडली की साबणाच्या वड्यांची रांगच दिसे. शेवटी काकू म्हणाली, "आपण घरीच करू या साबण. माहेरी आम्ही करायचो."

आमच्याकडे मोहाची झाडं पुष्कळ. त्याच्या बियांचं तेल घाण्यावर मिळे. धुण्याच्या साबणाला हे तेल चांगलं चालतं. एक किलो तेलाला काकू १३० ग्रॅम कॉस्टिक सोडा घेई. सोडा हळूहळू पाण्यात टाकायचा. सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. भांडं स्टीलचं हवं, कारण ॲल्युमिनियमला सोडा खातो. ते पाणी निवलं की तेलात ओतून पिठल्यासारखं दाट होईपर्यंत घोटायचं, साच्यात थापायचं आणि वड्या कापून महिनाभर वाळवायच्या. तेल आणि सोडा एकमेकांत मुरून साबण होतो. (मात्र तुम्ही हे एकट्यानं करू नका. कॉस्टिक सोड्यानं कातडी भाजते, डोळाही जाऊ शकतो.)

मी तेव्हा सातवीत. गणितात पहिली, म्हणून सोडा तोलायचं काम माझ्याकडे. घाईघाईत मी १०० ऐवजी २०० ग्रॅमचं वजन तागडीत टाकलं.

महिन्यानं काकू पहिली वडी घेऊन नदीवर गेली. परत आली ती हात लाल करून. बोटांची सालं निघाली होती. बाबा भडकले, "त्या घाण्यावाल्यानं भेसळ केली! उद्या जाऊन जाबच विचारतो."

मी गप्प. रात्री जेवण उतरेना. माझ्यासमोर काकू डाव्या हातानं भात कालवत होती. शेवटी रडत रडत सगळं सांगून टाकलं.

बाबा काही बोलले नाहीत. काकूच म्हणाली, "रडतेस कशाला? गणित येतं ना? मग सोडव."

मी पाटी घेतली. १३० ग्रॅम सोड्याला १००० ग्रॅम तेल, तर २३० ग्रॅमला किती? त्रैराशिकानं उत्तर आलं साधारण १७७० ग्रॅम. म्हणजे आणखी पाऊण किलो तेल! आईनं हातांना फडकी गुंडाळून वड्या किसल्या, थोडं पाणी आणि ते तेल घालून मंद आचेवर घोटल्या. पुन्हा वाळवल्या. या वेळी साबण छान उतरला.

वाण्याच्या वहीतली साबणाची रांग संपली. घरात सगळे म्हणत, "साबण किती स्वस्त पडतो!" पण मला काकूचे हात आठवत. तिची घोटण्याची, धुण्याची मेहनत आम्ही हिशेबात कधी धरलीच नव्हती.

त्या रविवारपासून माझा गणवेश मी धुऊ लागले. तुमचा कोण धुतं? आज एकदा त्यांचे हात बघा.