सासऱ्याने दिलेला शब्द

एक होता राजा, त्याला होत्या दोन राण्या, एक आवडती आणि एक नावडती, अशा गोष्टी ऐकत आपण कोकणात आणि मुंबईत लहानाचे मोठे झालो. पण राजवाड्यात राजाराणीखेरीज दीर, जावा, नणंदा, मावस-चुलत नातलग असा केवढा तरी गोतावळा असतो. त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. अशाच एका राजाच्या सुनेची हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहे. यहुदी लोकांवर तिचे ऋण आहे, आणि ती आपल्या यरुशलाईममध्येच चिरविश्रांती घेत आहे.

तिचे नाव ॲलिस. २५ फेब्रुवारी १८८५ रोजी विंडसरच्या किल्ल्यात, पणजी व्हिक्टोरिया राणीच्या देखत तिचा जन्म झाला. हिंदुस्थानचे शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन हे तिचे धाकटे भाऊ, आणि एलिझाबेथ राणीचे पती प्रिन्स फिलिप हा तिचा मुलगा. एवढी मोठी नाती, पण मुलगी जन्मतः बहिरी. तिने नेटाने ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखण्याची विद्या साध्य केली, तीही एका भाषेत नव्हे, अनेक भाषांत.

हे वाचताना मला माझ्या आईची आठवण झाली. अलिबागकडच्या खेड्यातून ती उतारवयात इस्राएलला आली. तोवर कान गेले होते आणि हिब्रू तर येतच नव्हते. कुठल्याही कचेरीत गेले की माणसे तिच्याशी न बोलता माझ्याशी बोलत. एकदा एकाने तिच्या तोंडावर म्हटले, "म्हातारीला काही समजत नाही." घरी आल्यावर आई म्हणाली, "अगं, मला ऐकू येत नाही, पण तोंडं वाचता येतात." ज्याला ऐकू येत नाही त्याला अक्कलही नाही, असे जग फार लवकर ठरवून टाकते.

ॲलिसच्या वाट्यालाही हे आले. १९०३ साली ग्रीसचा राजा पहिला जॉर्ज याच्या चौथ्या मुलाशी, प्रिन्स अँड्र्यूशी, तिचे लग्न झाले. चार मुली आणि एक मुलगा झाला. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धात तिने जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. १९२२ साली नवऱ्याला हद्दपार केले तेव्हा दीड वर्षाच्या फिलिपला संत्र्याच्या खोक्यात निजवून हे कुटुंब ब्रिटिश युद्धनौकेतून देशाबाहेर पडले. पुढे पॅरिसजवळ नातलगांच्या आश्रयाने दिवस काढले. १९३० साली तिचे चित्त भ्रमले असे डॉक्टरांनी ठरविले आणि तिच्या मनाविरुद्ध तिला स्वित्झर्लंडमधील रुग्णालयात ठेवले. तिथून सुटेपर्यंत संसार मोडला होता. नवरा एकीकडे, मुलगा दुसऱ्यांच्या घरी, मुली लग्न होऊन जर्मनीत. १९३७ साली एक मुलगी, जावई आणि दोन नातू विमान अपघातात दगावले. त्या अंत्ययात्रेत नवराबायको सहा वर्षांनी एकमेकांना भेटली. १९३८ साली ती एकटीच अथेन्सला परतली. घराण्यातल्या कोणाचेही तिच्यावाचून अडत नव्हते.

आणि इथेच तिची खरी गोष्ट सुरू होते. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली आणि अथेन्स जर्मनांच्या हाती गेले. त्याआधीच थेस्सलोनिकीच्या आपल्या बांधवांना आगगाड्यांत कोंबून आउश्विट्झला नेले होते. युद्ध संपेपर्यंत ग्रीसमधील शेकडा ऐंशीहून अधिक यहुदी मारले गेले. त्या दिवसांत अथेन्समध्ये राहेल कोहेन नावाची विधवा मुलाबाळांसह लपण्यासाठी जागा शोधीत होती. तिचा नवरा हाइमाकी कोहेन पूर्वी पार्लमेंटचा सभासद होता. १९१३ साली त्याने राजा जॉर्जला मदत केली होती, आणि कधी गरज पडली तर हाक मार, असा शब्द राजाने त्याला दिला होता.

वाचकहो, या शब्दाची स्थिती पाहा. देणारा राजा १९१३ सालीच मारेकऱ्याच्या गोळीने मेला. घेणारा कोहेनही राहिला नव्हता. राजघराणे परागंदा, ग्रीसमध्ये उरल्या फक्त दोन सुना. अशा शब्दाला तीस वर्षांनी कोण ओळख देतो? पण कोहेनच्या मुलाला तो आठवला. तो ॲलिसकडे गेला आणि तिने तो मानला. ऑक्टोबर १९४३ मध्ये तिने राहेल आणि तिची मुलगी टिल्डे यांना आपल्या घरी आणले. पुढे एक मुलगाही येऊन राहिला. अथेन्स मुक्त होईपर्यंत, म्हणजे वर्षभर, ती माणसे तिथे सुरक्षित राहिली.

त्याच ऑक्टोबरात तिचा एक जावई, जर्मन हवाई दलातला अधिकारी आणि नाझी पक्षाचा सभासद, विमान अपघातात मेला. मुलगा फिलिप ब्रिटिश आरमारात जर्मनांशी लढत होता. एका आईचे काळीज असे दोन्हीकडे वाटलेले, आणि वरच्या मजल्यावर यहुदी कुटुंब! गेस्टापोचे लोक चौकशीला आले तेव्हा ती आपल्या बहिरेपणाचा आधार घेऊन, प्रश्न कळतच नाहीत असे दाखवीत बसली. अखेर कंटाळून त्यांनी तिचा नाद सोडला. ज्या उणिवेमुळे जग तिला कमी लेखीत आले, तीच त्या दिवशी तीन जिवांची ढाल झाली.

पुढे तिने सेवेसाठी भगिनीसंघ स्थापला आणि जोगिणीचा करडा वेष घेतला. १९५३ साली सुनेच्या राज्यारोहणालाही ती त्याच वेषात गेली. १९६० साली राजकुमारी अमृत कौर यांच्या निमंत्रणावरून ती भारतातही आली होती, पण आजारी पडल्याने प्रवास अर्धवट राहिला. ५ डिसेंबर १९६९ रोजी लंडनला बकिंगहॅम राजवाड्यात ती वारली. तेव्हा जवळ मालमत्ता काही उरली नव्हती, सारे वाटून टाकलेले. जैतून पर्वतावरील रशियन देवळात, मावशीशेजारी आपल्याला पुरावे, अशी तिची इच्छा होती. इतक्या दूर आम्ही कसे येणार, असे घरच्यांनी विचारले तेव्हा, "बस जाते की," असे उत्तर तिने दिले म्हणतात! १९८८ साली तिची शवपेटी तिथे आणण्यात आली.

कोहेन कुटुंबाला आसरा दिल्याचे तिने मुलाबाळांपाशीसुद्धा कधी काढले नव्हते. १९९३ साली याद वाशेमने तिला 'हसिदे उम्मोत हाओलाम' या मालिकेत स्थान दिले. १९९४ साली प्रिन्स फिलिप आणि त्यांची बहीण सोफी तो मान स्वीकारण्यास आले. आपण काही विशेष केले असे आईला कधी वाटलेच नसावे, अशा अर्थाचे ते बोलले.

आपल्या बेने इस्राएल लोकांना भारतात यहुदी म्हणून कोणाच्या माळ्यावर लपावे लागले नाही, हे आपले भाग्य. त्यामुळे असल्या ऋणाचा हिशेब आपल्या वहीत नाही असे कोणी म्हणेल. पण शेजाऱ्याच्या भरवशावर पिढ्यान् पिढ्या निर्धास्त राहणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? आपल्या वाडवडिलांनीही गावोगावी शब्द दिले आणि घेतले. कोहेनच्या मुलाला बापाने मिळवलेला शब्द आठवला नसता, तर दार उघडायला ॲलिस असूनही उपयोग नव्हता. म्हणून आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना, ऐकू येत नसले तरी, जवळ बसून विचारा: कोण आपल्या उपयोगी पडले, आणि आपण कोणाला काय कबूल केले होते. आणि ते नातवंडांना समजेल अशा भाषेत लिहून ठेवा.